पहिल्या भागात मान वळवली नव्हती

ही हकिकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. खरं तर टाळली असंही म्हणता येत नाही, कारण तिचा अर्धा भाग मी हौसेनं सांगत फिरलो. आमच्या पेठेत ती सगळ्यांना पाठ आहे. तालमीच्या कट्ट्यावर कुणी नवा माणूस आला की कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवून सुरू होतं, "पावणं, ह्यांना वळकलं काय? ह्यांनी सिनेमावाल्यांची चूक पकडल्या. डायरेक्टर पाया पडला की ह्यांच्या!"

डायरेक्टर पाया पडला नव्हता. त्यानं हात मिळवला होता. एवढी दुरुस्ती मी दर वेळी न चुकता करतो. जी करायला हवी होती ती मात्र तशीच राहिली. म्हणून आता लिहून काढतोय.

मी सरकारी खात्यात कारकून होतो. पण पेठेत मला ओळखतात ते लाइनमन म्हणून. आमच्या गावात फुटबॉल हा खेळ नाही, ते वैर आहे. पेठेपेठेत संघ आणि घराघरात वाद. अशा मैदानाच्या कडेला झेंडा घेऊन मी उभं आयुष्य धावलो. ऑफसाइड दिसला की माझा हात वर जायचा. मी तो वर करत नसे, तो जायचा. एकदा आमच्याच पेठेच्या संघानं फायनलला गोल मारला, गुलाल उधळायला सुरुवात झाली आणि माझा झेंडा वर. गोल बाद. त्या संध्याकाळी आमच्या घराच्या काचा फुटल्या. बायको म्हणाली, "आपल्या लग्नात भटजी मंत्र चुकला असता तर तुम्ही मुंडावळ्या बांधून हात वर केला असता."

त्या संध्याकाळी दारात जमलेल्या पोरांसमोर एकच माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान असलेले मास्तर. हरलेल्या संघाच्या जर्सी त्यांनीच शिवलेल्या होत्या. त्यांच्या कपाळावर गुलाल तसाच होता. ते ओरडले, "पंच बरोबर हाईत. ऑफसाइडच हुतं. काय करायचं ते माझ्या दुकानाला करा!" पोरं मास्तरांना मानायची. गेली निघून.

नंतर मला कळलं की गोलच्या वेळी मास्तर मैदानातच नव्हते. बाहेर भेळ खात होते. मी विचारलं तर म्हणाले, "तुमचा झेंडा वर गेला म्हंजे ऑफसाइडच की. बघायचं कशाला?"

ते मला पंच म्हणायचे, मी त्यांना मास्तर. दुकानासमोर चहाची गाडी आणि गाडीला लागून बाकडं. मी निवृत्त झाल्यावर आमची सकाळ त्या बाकड्यावरच जायची. सकाळी ताजं दूध काढून देतात त्या दूधकट्ट्यावरून किटली घेऊन भाभी, म्हणजे मास्तरांची बायको, समोरून जायच्या. जाताना काहीतरी टोला हाणायच्या. "झालं का दोघांचं राज्य चालवून?" असलं काहीतरी. मग मास्तर उठून दुकान उघडायचे.

एके वर्षी आमच्या गल्लीत सिनेमाचं शूटिंग आलं. गोष्ट अशी होती की एक तरुण काळात मागं जातो. पुढं काय काय घडणार ते त्याला माहीत असतं आणि ते तो दिसेल त्याला सांगत सुटतो. आमची गल्ली जुनी दिसते म्हणून त्यांनी ती निवडली. एक सहायक दिग्दर्शक मुलगी होती, पुण्याची. तिनं आम्हाला बाकड्यावर बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं जसे बसलायत तसेच बसून राहायचं. गप्पा मारत राहा. फक्त इकडंतिकडं बघायचं नाही." हिरो पळत येणार, बाकड्याला धडकणार आणि मी म्हणायचं, "पावणं, बघून चाला की!" एवढंच माझं वाक्य.

तेवढ्यात भाभी किटली घेऊन आल्या. मोरपंखी साडी, डोक्यावर पदर. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्हीपण अशाच जा ना, रोजच्यासारख्या." भाभी लाजल्या, पण तयार झाल्या.

शॉट सुरू झाला. मी मास्तरांना त्याच फायनलच्या ऑफसाइडची गोष्ट सांगत होतो. भाभी आल्या. बाकड्याजवळ त्यांचा पाय रेंगाळला आणि त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांना ते जाणवलं. त्यांची मान वळायला लागली. इकडंतिकडं बघायचं नाही असं सांगितलेलं होतं, म्हणून मी त्यांचा गुडघा दाबला. मान जागच्या जागी थांबली. भाभी पुढं गेल्या, हिरो धडकला, मी वाक्य म्हटलं.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली. आमचं बाकडं आलं तशी थेटरात शिट्ट्यांनी कान बसले. पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. भाभी येतात, थबकतात, नवऱ्याकडं बघतात. आणि नवरा माझ्या तोंडाकडं बघत मान डोलावतोय.

बाहेर पडताना भाभींनी भर गर्दीत मास्तरांना धरलं. "सगळ्या गावानं बघितलं मला. तुमी तेवढं बघितलं न्हाईसा!"

"पंचांनी गुडघा दाबला की," मास्तर म्हणाले.

"मग पंचांशीच निका लावायचा हुता!"

आम्ही हसून हसून बेजार. पुढं हे भाभींचं हत्यारच झालं. मास्तरांनी मटणाला नाव ठेवलं की, "पिच्चरमध्ये बघितलं न्हाय, आता ताटात काय बघता?" ईदला शिरखुर्मा प्यायला गेलो की माझ्यापुढं वाटी ठेवताना म्हणायच्या, "घ्या भाऊजी, तुमच्या हाताला ताकद यील, गुडघं दाबायला." थट्टाच होती. पण मास्तर कधीतरी सुई दोऱ्यात ओवता ओवता मधेच म्हणायचे, "बघायला पायजे हुतं, पंच. तेवढंच." मी म्हणायचो, "अहो, सांगितलं होतं बघू नका म्हणून." ते मान हलवायचे.

मग भाभी आजारी पडल्या आणि गेल्या. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मास्तरांनी दुकान उघडायचं सोडलं नाही. सकाळी बाकड्यावर यायचे, चहा घ्यायचे. दूधकट्ट्याकडून कुणी बाई किटली घेऊन आली की चहाच्या ग्लासात बघायचे.

अशात ती पुण्याची मुलगी परत आली. हातात पाटीएवढा टॅब. सिनेमाचा दुसरा भाग निघणार होता. म्हणाली, "तुम्ही दोघं लागणारच, काका." तिनं समजावून सांगितलं. पहिल्या भागात हिरोनं जो घोळ घातला तो निस्तरायला तो पुन्हा काळात मागं येतो, आमच्याच गल्लीत, त्याच सकाळी. या वेळी तो समोरच्या भिंतीआड लपून स्वतःलाच पळत जाताना बघतो. म्हणून सगळं हुबेहूब तसंच हवं. तेच बाकडं, तेच आम्ही, तेच कपडे, तीच बाई जाणार. फक्त कॅमेरा पलीकडच्या बाजूला.

मास्तर म्हणाले, "म्हंजे कॉलर उलटायची म्हणा की." पूर्वी शर्टाची कॉलर घासली की टेलर ती उसवून उलटी लावून द्यायचे, तसं.

मुलगी हसली. मग तिनं टॅबवर पहिल्या भागातला तो तुकडा लावला आणि विचारलं, "या मावशी कुठं राहतात?"

भाभी गेल्या, हे मीच सांगितलं. मुलगी कावरीबावरी झाली. "सॉरी काका. आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. त्यांचा चेहरा नाहीतरी पदरातच होता." मास्तर टॅबकडंच बघत होते. म्हणाले, "साडी हाय माझ्याकडं. देतो."

मागच्या गल्लीतली, भाभींच्याच बांध्याची एक बाई ठरली. मास्तरांनी साडी काढली, सुटलेला फॉल हातानं टाचला, इस्त्री केली. इस्त्री फिरवता फिरवता माझ्याकडं न बघता म्हणाले, "पंच, ह्या टायमाला मी बघणार हाय. गुडघा दाबू नका."

"न्हाई दाबत," मी म्हटलं.

"ती बाई दुसरी हाय, मला कळतंय. मला येडा समजू नका. पण पिच्चरमधी तर तीच चालल्या न्हवं?"

"तीच की."

"मग झालं. एकदा बघितलं की माझं काम झालं."

हे मी जसंच्या तसं लिहितोय, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडं नाही. मला माहीत होतं.

शूटिंगच्या दिवशी बघ्यांनी गल्ली गच्च भरली होती. पोरं गॅलऱ्यांना लोंबकळत होती. आम्ही बाकड्यावर बसलो. मी तीच जुनी ऑफसाइडची गोष्ट सांगायला लागलो. कोपऱ्यावरून मोरपंखी साडी आली. मास्तरांनी ग्लास बाकड्यावर ठेवला आणि मान वळवली. नीट, सावकाश. ती बाई बाकड्याजवळ थबकली, पुढं गेली, आणि ती पार वळणाआड जाईपर्यंत मास्तर बघत राहिले. मी गुडघा दाबला नाही. दिलेला शब्द मी पाळला.

"कट!" झालं. भिंतीआडून कुणीतरी "मस्त!" म्हणालं. हिरो पाणी प्यायला लागला. ती मुलगी टॅब हातात घेऊन आपल्या लोकांना सहज विचारत होती, "सगळं मॅच आहे ना? कुणाला काही वेगळं वाटलं?" आम्हाला विचारतसुद्धा नव्हती.

आणि माझा हात वर गेला.

कोपर सरळ, बोटं ताठ, हातात झेंडा असावा तसा. मुलगी म्हणाली, "काय काका?" मी म्हणालो, "ह्यांनी मान वळवली. पहिल्या भागात वळवली नव्हती."

तिनं टॅब बघितला, पुन्हा बघितला, आणि डोक्यावर हात मारला. "बाप रे! काका, ग्रेट आहात तुम्ही!" डायरेक्टर भिंतीआडून बाहेर आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. गॅलरीतून टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "पंचाचा नाद करायचा न्हाय!"

मला आनंद झाला होता. हे लिहिताना माझी मलाच चीड येते, पण झाला होता. छाती भरून आली होती. शेजारी मास्तर बसलेत हे त्या घटकेला माझ्या डोक्यातच नव्हतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात. ते म्हणणारी माणसं बहुधा आपल्या स्वभावाचा चटका दुसऱ्याला बसताना बघत नसावीत. मला तर तो शेजारीच बसून बघायचा होता.

मुलगी मास्तरांजवळ येऊन वाकली. "काका, मागच्यासारखं या काकांकडंच बघा हं." "व्हय बाई," मास्तर म्हणाले आणि ग्लास परत हातात घेतला.

पुन्हा शॉट. पुन्हा तीच गोष्ट मी त्यांना सांगतोय. ते माझ्या तोंडाकडं बघतायत. पापणी हलत नाही. त्यांच्या कानामागून मोरपंखी काठ सरकत गेला, तो मला दिसला. त्यांना दिसला नाही. माझा हात त्यांच्या गुडघ्यापासून लांब होता, तरी मान वळली नाही.

"ओके!"

सामान आवरत होते तेव्हा त्या बाईनं साडी आणून दिली. मास्तर बाकड्यावर बसून घडी घालत होते. मी म्हणालो, "मास्तर, ते आपलं मघाचं..."

"न्हाय पंच," ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. ऑफसाइडच हुतं."

आमच्या गावचा माणूस रागावला तर गल्ली गोळा करतो. मास्तर ओरडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर मीही ओरडलो असतो आणि संध्याकाळी आम्ही एका ताटात जेवलो असतो. त्यांनी तसलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या विजारीची शिवण उसवली होती, ती बसल्या बसल्या घालून दिली.

सिनेमा लागला. मास्तर म्हणाले, "डोळ्याला पडदा दिसत न्हाय आता, तुमी बघून या." मी बायकोला घेऊन मॉलमधल्या थेटरात गेलो. हिरोला कुणीतरी बजावून पाठवलेलं असतं की फक्त बघायचं, बोलायचं नाही. तो येतो, बघतो, आणि त्याला राहवत नाही. बोलतोच. पुन्हा सगळं बिघडतं. काळ बदलला, गल्ली बदलली, पण तो गडी तोच. मी अंधारात म्हणालो, "अरे गप बस की!" बायको म्हणाली, "कुणाला म्हणताय?"

मग आमचा प्रसंग आला. भिंतीआडून बघणाऱ्या हिरोचा चेहरा, एका बाजूनं, अर्ध्या पडद्यावर. त्याचा घाम दिसतो, पापणीचा केस न् केस दिसतो. त्याच्या पलीकडं लांबवर, धुक्यात असावं तसं काहीतरी. दोन करडे ठिपके म्हणजे आम्ही. एक हिरवट पट्टा सरकत जातो ती भाभींची साडी. कुणाचं तोंड कुठं, कुणाची मान कुठं, काही कळत नाही. मास्तर उठून नाचले असते तरी कुणाला दिसलं नसतं.

इंटरव्हलला बायकोनं विचारलं, "तुम्ही कधी येणार?" मी म्हणालो, "येऊन गेलो."

घरी येईपर्यंत मी रिक्षात स्वतःशी भांडत होतो. त्या कॅमेऱ्यावर चिडलो, त्या मुलीवर चिडलो. शेवटी चिडायला मीच उरलो. तालमीच्या कट्ट्यावर पोरं वाट बघत होती. "काय पंच, कसा झालाय तुमचा शॉट?" मी म्हणालो, "झकास." आणि चूक पकडल्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. मास्तरांनी मान का वळवली होती, ते सोडून.

मास्तरांचे डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि कागलला लेकीकडं राहायला गेले. मी ठरवलं, जाऊन बोलायचं. काय बोलायचं ते एसटीत बसून पाठ केलं. कागलच्या स्टँडवर उतरून मास्तरांना आवडतात म्हणून गरम भजी बांधून घेतली.

मास्तर दारातल्या खुर्चीवर होते. आवाजावरून मला ओळखलं. "पंच! या की, या! बस मिळाली न्हवं?" लेकीनं चहा टाकला. कॉलेजात जाणारी नात जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "नाना, ते पिच्चरमधले काका हेच काय?"

मास्तर खुलले. नातीला सगळं सांगायला लागले. बाकडं, चहा, हिरो, माझं वाक्य. "मग तुझी नानी आली. किटली घिऊन. मोरपंखी साडी. आली, थांबली, माझ्याकडं बघितलं. आन् मी बी तिच्याकडं बघितलं. पार वळणापतुर."

खुर्चीच्या हातावरून माझा हात उठला.

"न्हाई मास्तर," मी म्हणालो, "बघितलं नव्हतं."

नात माझ्याकडं बघायला लागली. आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. मास्तरांचे अधू डोळे माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. ते म्हणाले, "व्हय. न्हवतं बघितलं. गुडघा दाबला हुता तुमी." आणि हसले. नातीनं विचारलं, "मग नानी चिडली नाही?" "तिला काय," ते म्हणाले, "ती चिडायचीच." पुढं गोष्ट सांगितली नाही.

चहा आला. मी प्यायलो. पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. नात बसलीय, लेक ऐकतेय, पुढच्या वेळी बोलू, असं करत मी उठलो. दारात मास्तर म्हणाले, "भजी चांगली हाईत. अशीच आणा परत."

परत जायच्या आधीच निरोप आला. कागलच्या कब्रस्तानात मी मूठभर माती टाकली आणि हात झटकून बाजूला झालो. लेकीनं मला ओळखलं. म्हणाली, "तुमची लई आठवण काढायचे. पंचांचा शब्द म्हंजे शब्द, म्हणायचे." मी मान हलवली. तिलाही काही बोललो नाही.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. त्या दिवशी कागलच्या दारात मी चुकीचं बोललो होतो. लाइनमनचा झेंडा चुकला होता. मास्तर नातीला खोटं सांगत नव्हते. दुसऱ्या भागाच्या शूटिंगला, मी हात वर करण्याआधीचा तो एक शॉट झालाच होता. सिनेमावाल्यांनी तो टाकून दिला असेल, पण तो झाला होता आणि मी शेजारीच बसलो होतो. त्याला माझ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा कुणी नाही.

बाकडं अजून आहे. चहाच्या गाडीवर आता दुसरा माणूस असतो. सकाळी मी तिथं बसतो आणि एसटीत पाठ केलेलं वाक्य मनात म्हणतो. ते आता बदललंय.

मास्तर, मला माफ करा. तुम्ही बघितलं होतं. भाभी वळणाआड जाईपर्यंत तुम्ही बघत होता, आणि ते मी बघितलंय.